बिनऔषधाची गाठ

संपादकांनी फोनवर विषय दिला, 'लक्षात राहिलेले रुग्ण'. मी म्हटलं, अहो, मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे रुग्ण कुठले यायला, माझ्याकडे बाटल्या येतात. त्यावर ते म्हणाले, मग लक्षात राहिलेल्या बाटल्यांवर लिहा. त्यांनी गमतीने म्हटलं असणार. मला गंमत वाटली नाही, कारण बाटल्यांनी मला उभं आयुष्य छळलेलं आहे.

नवरा रेल्वेत, बदली दौंडला, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन लॅब टाकली. रक्त-लघवी तपासणारे पुष्कळ होते. माझं मुख्य काम टिश्यूचं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे पतंगाच्या कागदाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की हे नेमकं काय आहे. आठवड्यातून दोन दिवस मी शिरूरलाही जायची. तिथल्या एका मेडिकल स्टोअरच्या मागे खोली घेतली होती. न्हावरे, तळेगाव ढमढेरे, आसपासच्या गावांतले नमुने तिथे गोळा व्हायचे.

नमुना कसा पाठवावा, हे मी प्रत्येक डॉक्टरला तोंडी सांगितलं, छापून पाठवलं, त्यांच्या कंपाउंडरांना उभं करून शिकवलं. रुंद तोंडाची बरणी, त्यात भरपूर फॉर्मालिन, इतकं साधं. पण गाठी यायच्या त्या सलाइनमध्ये, म्हणजे पोचेपर्यंत सडलेल्या. कोणी स्पिरिटमध्ये पाठवायचं. एकाने इंजेक्शनच्या बाटलीत गाठ कोंबली होती. मऊ होती तेव्हा आत गेली, फॉर्मालिनने टणक झाल्यावर बाहेर येईना. माझी टेक्निशियन सुनीता बनसोडे हिने टॉवेलमध्ये गुंडाळून ती बाटली फोडली आणि मग आम्ही दोघी गाठीतून काचा वेचत बसलो. सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव आणि पुढे एकच शब्द, 'गाठ'. कुठली, किती दिवसांची, ताप आहे की नाही, काही नाही. त्यात वीज जायची, मेण थिजायचं, आणि तेवढ्यात फोन यायचा की रिपोर्ट अजून का नाही.

रेल्वे कॉलनीतल्या एका वयस्क गृहस्थांची काखेतली गाठ कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून आली होती. वाळून सुपारी झालेली. मी लिहिलं, वाचता येत नाही, पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदा कापून घ्यायला ते तयार झाले नाहीत आणि पुढे त्यांना काय होतं ते कोणालाच न कळता ते गेले. त्यांची मुलगी नंतर मला बाजारात भेटायची, हसून बोलायची. मला तिच्याकडे बघवत नसे, आणि राग मात्र त्या गॉजचा यायचा.

आता थोडं शिकवावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधान येतं, हे खेड्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. ते अवधान म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. गळ्यात, काखेत, जांघेत, छातीत, पोटात या ग्रंथी असतात, एरवी हरभऱ्या-वाटाण्याएवढ्या. अंगात शिरलेला जंतू तिथे अडवला जातो आणि पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढायची तयारी करतात. सगळं कौतुक या पांढऱ्या पेशींचं होतं. पण त्या काही पोत्यात धान्य भरावं तशा ग्रंथीत भरलेल्या नसतात. त्यांना आधार देणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यातल्या काही बारीक धाग्यांची जाळी विणतात आणि त्या धाग्यांना स्वतः लपेटून बसतात. तळेगावच्या बाजूला दोडक्या-कारल्याचे मांडव असतात, वेल तारेवरून पुढे सरकतो, तशा पांढऱ्या पेशी या जाळीवरून आपापल्या जागी जातात. कोणी कुठे जायचं, हा निरोपही जाळीकडूनच मिळतो.

ग्रंथीच्या आत गोल गोल वस्त्या असतात आणि त्यांच्या मधोमध आणखी एका जातीच्या आधारपेशी. त्यांना फांद्यांसारखे लांब हात असतात. जंतूचा एखादा अंश त्या या हातांवर धरून ठेवतात, कित्येक महिने. त्याला गिळत नाहीत की मारत नाहीत. अडत्या जशी धान्याची वानगी ओंजळीत धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, तशा त्या पांढऱ्या पेशींना दाखवत राहतात. ज्या पेशीला ती वानगी ओळखता येते ती तगते, वाढते, बाकीच्या तिथेच मरतात. तुम्हाला लहानपणी आलेला गोवर तुमचं शरीर अजून विसरलेलं नाही, त्यामागे यांचाही हात आहे.

नेहमीच्या रंगात या पेशी जेमतेम दिसतात. फिकट केंद्रक तेवढं कळतं, हात पांढऱ्या पेशींच्या गर्दीत हरवतात. धाग्यांची जाळी बघायची तर चांदीच्या क्षाराचा रंग लावावा लागतो, मग धागे काळेभोर उठतात. हा रंग फार नाजूक. भांड्याला कणभर घाण राहिली तर सगळी पट्टी काळी. दौंडचं पाणी इतकं जड की त्याने धुतलेल्या काचेवर पांढरे डाग राहायचे. सुनीता डिस्टिल्ड वॉटरने भांडी धुऊन कंटाळायची आणि म्हणायची, "मॅडम, ह्या चांदीपेक्षा खरी चांदी घासणं परवडलं."

हे सगळं सांगायचं कारण, गाठीचं निदान तिच्या रचनेवरून होतं. वस्त्या कशा आहेत, जाळी शाबूत आहे की मोडली आहे, हे बघावं लागतं. घराचा कोपरा फोडून आणला तर घर कसं होतं ते सांगता येत नाही. म्हणून मला अख्खी गाठ लागते. हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन ते देवाला ठाऊक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. न्हावऱ्याचा भानुदास नावाचा एक जण शिरूर-न्हावरे रस्त्यावर जीप चालवायचा आणि बाजाराच्या दिवशी तळेगावच्या फेऱ्या मारायचा. पस्तिशीचा, अंगाने दणकट. त्याच्या गळ्याला उजव्या बाजूला जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, ताप नव्हता, काही नव्हतं. गावच्या डॉक्टरांनी बघितली आणि गळ्याला गाठ म्हणजे गंडमाळ, गंडमाळ म्हणजे टीबी, या हिशेबाने कुठलीही तपासणी न करता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, आपल्याकडे गळ्याची गाठ बऱ्याचदा टीबीची असते. पण काही महिने गोळ्या खाऊनही गाठ तसूभर कमी होईना, तेव्हा तरी थांबायला हवं होतं. त्यांनी गोळ्या चालू ठेवल्या आणि भानुदासला शिरूरच्या एका सर्जनांकडे पाठवलं. सर्जनांचं नाव सांगत नाही, त्यांची प्रॅक्टिस अजून जोरात आहे आणि आमचं आता चांगलं जमतं.

सर्जनांनी गाठीचा कोपरा कापून पाठवला. नखाएवढा. मी रिपोर्ट दिला, नमुना अपुरा, अख्खी ग्रंथी पाठवावी. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन.

"मॅडम, पेशंटला काय सांगू आता?"

"गाठ अख्खी काढावी लागेल असं सांगा."

"टीबी लिहून टाका ना. दुसरं काय असणार?"

"टीबी दिसला तर लिहीन. मला नुसत्या पांढऱ्या पेशी दिसतायत."

"मग तसं लिहा, टीबी असण्याची शक्यता."

"शक्यता तर तुम्हाला माझ्याशिवायही माहीत होती, डॉक्टर. मग तुकडा कशाला पाठवलात?"

त्यांनी फोन ठेवला. ते आता पुण्याच्या एखाद्या लॅबला काम देणार, असं मी धरून चालले. पण काही दिवसांनी शिरूरच्या खोलीत मी बसले असताना एक माणूस आला. गळ्याला जाड पट्टी, हातात लोणच्याची काचेची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली.

"डॉक्टरीनबाई, गाठ आनलीय."

"कोणाची?"

"माजीच की," तो म्हणाला. "सर्जनसायब म्हनले, जीप हाय तर तूच नेऊन दे. आन् रुंद तोंडाचीच बरनी पाहिजे म्हनले, न्हाईतर बाई वरडत्यात."

टाके घातलेल्या माणसाने स्वतःची गाठ स्वतः जीप चालवत आणलेली मी पहिल्यांदाच बघितली. त्याला बसवलं, पाणी दिलं. डोळे जरा थकलेले वाटले, पण ऑपरेशननंतर ते साहजिक होतं. त्याच्यामागून सर्जनांचा फोन आला. साधी गाठ म्हणून हात घातला आणि रक्ताने नाकी नऊ आणले, असं ते वैतागून सांगत होते. मी कान टवकारले. टीबीची गाठ सहसा इतकी रक्ताळ नसते.

दौंडला गाठीचे काप रंगवून झाल्यावर काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मी खुर्ची पुढे ओढली. ग्रंथीभर गोल वस्त्या होत्या, पण त्यांची मधली जागा आक्रसलेली. पांढऱ्या पेशी तिथून जवळपास गेलेल्या आणि मागे उरल्या होत्या त्या आधारपेशी, एरवी शोधूनही न सापडणाऱ्या, इथे घोळक्याने, काही वेड्यावाकड्या सुजलेल्या. बाहेरून एक रक्तवाहिनी सरळ आत शिरलेली. आणि भोवती लहान पांढऱ्या पेशींची वर्तुळं, एकात एक, एकात एक, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी. पुस्तकातलं चित्र. सुनीताला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान दिसतंय." मी म्हटलं, छान दिसतंय हे खरं, आता जाळी बघू. तिने मान खाली घालून भांडी धुवायला घेतली. चांदीचा रंग चांगला उतरला. जाळी मोडलेली नव्हती, वस्त्यांभोवती नीट गोल फिरत होती. कॅन्सर असता तर असं दिसलं नसतं.

हा आजार दुर्मीळ आहे. तो एका परदेशी डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. त्यात बिघाड मुळात या आधारपेशींमध्ये होतो असं मानतात. वानगी दाखवणाराच भांबावला, म्हणजे बाजारात जसा घोळ होईल, तसा घोळ त्या गाठीत झालेला असतो. पण एकाच जागी एकच गाठ असेल तर उपाय सरळ आहे. गाठ पूर्ण काढली की माणूस बरा. खात्री म्हणून मी पट्ट्या पुण्याला माझ्या जुन्या सरांकडे पाठवल्या. त्यांनीही तेच सांगितलं. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यायला लावली, कुठेही दुसरी गाठ नव्हती.

इतकी वर्षं मी 'कॅन्सर' लिहीत आले होते, 'टीबी' लिहीत आले होते. 'बरा झाला' असं लिहिण्याची संधी पॅथॉलॉजिस्टला फारशी मिळत नाही. म्हणून रिपोर्ट सर्जनांच्या हातात देऊन न थांबता मी भानुदासला आणि त्याच्या आईला समोर बसवून सांगायचं ठरवलं. आई पारूबाई, साठीच्या पुढची, नवरा लवकर गेल्यावर शेती सांभाळलेली बाई. तिच्या सासऱ्याची मेंढरं होती, पुढे घराने जमीन घेतली आणि कांदा लावला.

मी म्हटलं, "मावशी, टीबी नाही. कॅन्सर नाही. आजाराचं नाव असं असं आहे. टीबीच्या गोळ्या आजच बंद करायच्या. आता काही औषध नको. घरी न्या, जे आवडतं ते खाऊ द्या."

पारूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटकेने डोळे भरले असतील. दोघं नमस्कार करून उठले. मी खुशीत दौंडला गेले आणि नवऱ्याला सांगितलं की आज एक चांगलं काम झालं.

पुढे महिनाभराने शिरूरच्या स्टँडजवळ न्हावऱ्याच्या जीपगाड्या लागतात तिथून चालले होते. भानुदासची जीप दुसराच एक ड्रायव्हर पुसत होता. मी विचारलं, भानुदास कुठे आहे?

"त्यो हातरुनावर हाय बाई. कॅन्सर निघाला त्याला."

"कोणी सांगितलं?"

"दौंडची कोन डॉक्टरीन हाय, तिनं सांगितलं. औषद न्हाई म्हनली, घरी न्या, काय खायचं त्ये खाऊ द्या. पावनेरावळे भेटून चाललेत."

मी तिथेच उभी राहिले. औषध नको, घरी न्या, खाऊ द्या. ही वाक्यं त्या माणसांनी आयुष्यात ज्या ज्या वेळी डॉक्टरच्या तोंडून ऐकली असतील, त्या प्रत्येक वेळी त्यानंतर घरात सुतक आलं असणार. त्यात आजाराच्या नावाची सुरुवातही 'कॅ'ने होते. आणि रिपोर्ट? रिपोर्ट इंग्रजीत होता. गावच्या डॉक्टरांनी तो वाचून, हा आजार आपल्याला माहीत नाही म्हणून घडी घालून परत दिला होता.

"ही जीप न्हावऱ्याला जाते ना?" मी विचारलं.

"शिटं भरली की निगतो."

"आता निघा. दौंडची डॉक्टरीण मीच."

त्याने रिकामीच जीप काढली.

भानुदासच्या घरापुढे ओट्यावर पाच-सहा बायका बसल्या होत्या, आत पुरुष. तो भिंतीशी खाटेवर पडलेला. दणकट माणूस निम्मा झाला होता. मी जवळ गेले आणि त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. मी हबकले.

"गोळ्या चालू आहेत का अजून?"

पारूबाई म्हणाल्या, "हायेत की. तुमी तर औषद न्हाई म्हनला. गावच्या डॉक्टरनी म्हटलं, कोर्स आर्दा सोडायचा न्हाई. मंग म्या म्हटलं, न्हाई मामा तर काना मामा. चालू ठिवल्या. पर आता लिव्हरमदी उतारलाय."

"काय उतरलंय?"

"कॅन्सर. डोळं बघा की. उद्या कावीळ उतरवायला न्यायचाय त्याला. दंडाला डाग देत्यात, मेंढरालाबी दिला व्हता आमच्या सासऱ्यानं."

टीबीच्या गोळ्या काही जणांच्या यकृताला सोसत नाहीत, कावीळ होते. त्यावर आणखी गोळ्या दिल्या तर माणूस दगावू शकतो. म्हणजे ज्या माणसाला कुठलाच आजार उरला नव्हता, तो नसलेल्या आजाराच्या औषधाने मरायच्या वाटेला लागला होता, आणि घरचे ते मरण माझ्या नावावर लावून पाहुण्यांना चहा देत होते. मी गोळ्यांची पाकिटं मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. मग त्याचं रक्त काढलं. सुई-सिरिंज पर्समध्ये असायचीच.

त्यानंतर मी त्या माणसांना समजावत बसले. कॅन्सर नाही, गाठ निघाली, हा बरा आहे, पिवळेपणा गोळ्यांचा आहे. सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की शहरातली बाई मनाला बरं वाटावं म्हणून बोलतेय. रांजणगावला कंपनीत असलेला त्याचा मेहुणा म्हणाला, "मॅडम, आम्ही स्ट्राँग आहोत. आम्हाला खरं सांगा."

"खरंच सांगतेय."

"मग औषध का नाही?"

दारातच कांद्याची वक्कल, म्हणजे विक्रीसाठी निवडलेला ढीग, ओतून ठेवली होती. मी एक कांदा उचलला, विळी मागितली, आडवा कापला. म्हटलं, हे बघा, गाठीच्या आत असं दिसत होतं. असे गोल, एकात एक. कॅन्सरमध्ये असं नीट दिसत नाही, सगळं विस्कटलेलं असतं. मधे ज्या पेशी असतात त्या आधाराच्या, त्या जरा बिघडल्या होत्या, त्या गाठीबरोबर निघून गेल्या. समजलं?

सगळ्यांनी कांदा हातात घेऊन बघितला. पारूबाईंनी नीट बघितला, वासही घेतला. मग म्हणाल्या, "गाठीत कांदा निगाला?"

"कांद्यासारखं दिसलं, मावशी."

"म्हंजी कांदा खाऊन झालं ह्ये?"

बाहेरच्या बायकांपैकी एक म्हणाली, तरी म्हनलं, ह्याला कच्चा कांदा लई लागतो जेवनात. दुसरीने दुजोरा दिला. पुढे कित्येक महिने त्या आळीत लहान मुलांना कच्चा कांदा देत नव्हते, हे मला नंतर कळलं. शिरूर तालुक्यात, कांदा पिकवणाऱ्या घरांत.

माझा संयम संपला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, परतीची एसटी चुकत होती. मी पर्स उचलली आणि खाटेकडे बघून म्हटलं, "हे बघा भानुदास. कावीळ उतरेपर्यंत सर्जनसाहेब बघतील, मी त्यांना आज फोन करते. त्यानंतर तुमचं माझ्याकडे काही काम नाही. पुढच्या वर्षी दिवाळी झाली की गळा दाखवायला या. त्याच्या आत माझ्या दारात यायचं नाही, आणि कोणाला पाठवायचंही नाही. मला दुसरी कामं आहेत."

मी उंबऱ्यापर्यंत पोचले असेन. मागून पारूबाईंनी विचारलं, "फुडल्या वर्षी?"

"हो. पुढच्या वर्षी."

"ह्याला आनायचा? फुडल्या वर्षी?"

"मग कोणाला आणणार? गळा याचाच तपासायचाय ना. वर्षातून एकदा बघावं लागतं, पुन्हा काही येत नाही ना म्हणून."

पारूबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी भानुदासकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. मग त्या बाहेरच्या बायकांना म्हणाल्या, "जावा आता घरला. कामं आसत्याल तुमची."

एसटी चुकलीच. त्याच ड्रायव्हरने मला जीपने चौफुल्यापर्यंत सोडलं. वाटेत तो म्हणाला, "बाई, आदीच तारीक द्यायची व्हती. मरनाऱ्याला कोन फुडल्या वर्षाची तारीक देतंय." इतकी वर्षं शिकून, पट्ट्या रंगवून, कांदे चिरून जे जमलं नव्हतं ते वैतागून बोललेल्या एका वाक्याने झालं होतं. त्याचं मला समाधान वाटलं असेल असं कोणाला वाटेल. मला फक्त भूक लागली होती आणि राग आला होता, आणि कोणावर आला होता हे सांगता येत नव्हतं.

दौंडला पोचल्यावर आधी रक्त तपासलं. बिलिरुबिन भलतंच वाढलेलं. सर्जनांना फोन केला. या वेळी ते वाद न घालता म्हणाले, "उद्या सकाळी ॲडमिट करून घेतो. आणि गावच्या डॉक्टरांशी मी बोलतो, माझं ऐकतील ते." त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. गोळ्या थांबल्या, कावीळ हळूहळू उतरली. गावच्या डॉक्टरांनीही पुढे गोळ्या सुरू करण्याआधी गाठी तपासायला पाठवायला सुरुवात केली. अर्थात सलाइनमध्ये.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर भानुदास आला, आईला घेऊन. पुन्हा दणकट झाला होता, जीपही तोच चालवत होता. मी त्याचा गळा चाचपला, काही नव्हतं. वास्तविक ही तपासणी सर्जनांनी करायची, माझ्याकडे कशाला येता, असं मी म्हटलं. पारूबाई म्हणाल्या, "तुमी तारीक दिली व्हती, मंग तुमच्याकडंच येनार की." निघताना त्या दारात थांबल्या. "आता फुडली?"

"पुढची काय?"

"फुडली तारीक."

मी म्हटलं, पुढच्या दिवाळीनंतर. ऐकल्यावरच त्या पायरी उतरल्या.

असं दरवर्षी सुरू झालं. भानुदास यायचा, गळा दाखवायचा, तारीख घ्यायचा. मी दर वेळी वैतागायची, माझं हे काम नाही, म्हणून सांगायची, आणि दर वेळी गळा तपासायची. क्वचित या आधारपेशी पुन्हा बिघडतात, त्यांचा कॅन्सरही होतो, हे मला माहीत होतं. त्याला मी ते कधी नीट समजावून सांगितलं नाही, कारण काय समजावलं की काय समजलं जाईल याचा अनुभव घेऊन झाला होता. पारूबाई काही वर्षांनी वयोमानाने गेल्या. त्या वर्षी तो एकटाच आला आणि म्हणाला, "आई जाताना म्हनली, बाईंची तारीक चुकवू नगंस."

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीला माझे डोळे सूक्ष्मदर्शकाला कंटाळले. पाठ तर आधीच गेली होती. नवरा निवृत्त झालेला, मुलगी पुण्यात. लॅब सुनीताच्या हवाली करून आम्ही पुण्याला जायचं ठरवलं. सामान बांधत होते तेव्हा भानुदास आला. केस पिकायला लागले होते, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. मी त्याचा गळा तपासला. व्रणाची रेघसुद्धा आता शोधावी लागत होती.

"आता मी इथे नसणार," मी म्हटलं. "यापुढे सर्जनसाहेबांकडे जा. मी त्यांच्याशी बोलले आहे."

"गेलतो त्यांच्याकडं. त्ये म्हनले, आता इतकी वर्सं झाली, पाच वर्सांनी ये."

"बरोबर सांगितलं त्यांनी. मग?"

"मला काय पटंना," तो म्हणाला. "लई लांबची दिली. तुमी वर्साचीच द्या."

"अहो भानुदास, मी इथे नसणार म्हणतेय ना. पुण्याला येणार का गळा दाखवायला?"

"यीन की. पत्ता द्या."

सुनीता पलीकडे खोक्यांना दोरी बांधत हसत होती. मी तिच्याकडे रागाने बघितलं आणि त्याला पुण्याचा पत्ता दिला. म्हटलं, पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. त्याने पत्ता मुलीकडे दिला, वाकून नमस्कार केला आणि दारात वळून म्हणाला, "बाई, तारीक दिलीया म्हंजी तुमाला बी ऱ्हावं लागंल हां तवर."

मी म्हटलं, बघते.